ट्रान्स महिला अधिकाऱ्याला ऑफिसात त्रास होतोय, मोर्चा काढायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या ठिकाणी एक ट्रान्स महिला स्पर्धा परीक्षा पास होऊन अधिकारी म्हणून रुजू झाल्या. पहिल्या आठवड्यात सत्कार, हार, पेपरात फोटो, सगळं झालं. आता काही महिन्यांनी चित्र असं की फाइली त्यांच्या टेबलावर न येता परस्पर वर जातात, मीटिंगचा निरोप मिळत नाही, स्टाफमधले दोघंतिघं मुद्दाम जुन्या नावाने बोलतात आणि वर हसतात, लेडीज टॉयलेटला कुलूप असतं आणि चावी कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नसतं. प्रश्न विचारणारे एका युवक मंडळाचे, त्यांना मोर्चा काढायचाय, ऑनलाइन सह्या घ्यायच्यात, चॅनेलवाले बोलवायचेत. मॅडम म्हणतात काही करू नका, माझी नोकरी जाईल. तर आता काय करायचं.

आधी माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी कर्मचारी संघटनेत बरीच वर्षं काढली आणि आता ट्रान्स लोकांच्या नोकरीच्या प्रकरणांत वकिलांना कागद लावून देते. मी वकील नाही. पण कुठला कागद कुठे अडतो आणि कुठला साहेब कशाला घाबरतो एवढं नीट कळतं.

तुमच्या सगळ्या प्रश्नात मला एक गोष्ट दिसली नाही ती म्हणजे कागद. तुम्ही जे चार त्रास लिहिलेत त्यातला एकही लेखी नाही. फाइल परस्पर गेली हे कुणी लिहून दिलेलं नाही, मीटिंगला बोलवू नका असा आदेश नाही, टॉयलेट तुमच्यासाठी नाही असं पत्र नाही. सरकारी ऑफिसातला भेदभाव बहुतेक वेळा तोंडी असतो, आणि तो तोंडी आहे म्हणूनच तो चालतो, कारण उद्या चौकशी झाली तर प्रत्येक जण म्हणणार छे हो, असं काही नाही, मॅडमचा गैरसमज झालाय. अशा वेळी मोर्चा काढलात तर तुमच्या हातात घोषणा असतील आणि समोरच्याच्या हातात "सर्व आरोप निराधार" असं एका ओळीचं पत्र असेल, आणि सरकारी दफ्तरात ते पत्र जिंकतं. म्हणून तुमच्या मोहिमेचं पहिलं काम हे की या तोंडी गोष्टी लेखी व्हायला लावायच्या. नकार द्यायचाय ना, मग लिहून द्या. मी इतकी वर्षं जे करते ते बहुतेक एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या पुढचं.

सत्काराचं आणखी एक सांगते कारण तुमच्या मंडळानेपण तो केला असणार. पहिल्या ट्रान्स अमुक, पहिल्या ट्रान्स तमुक म्हणून बातमी होते तेव्हा सगळे खूश असतात, ऑफिस त्यानंतर सुरू होतं. पश्चिम बंगालमध्ये मानबी बंदोपाध्याय २०१५ मध्ये कृष्णनगरच्या महिला कॉलेजच्या प्राचार्य झाल्या, देशभर बातमी झाली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, कारण सांगितलं सहकाऱ्यांचं आणि विद्यार्थ्यांचं असहकार्य. कोची मेट्रोने २०१७ मध्ये वीसेक ट्रान्स लोकांना नोकरी दिली, खूप कौतुक झालं, आणि काही जणांनी लगेच काम सोडलं कारण शहरात कुणी भाड्याने खोलीच देईना. म्हणजे नेमणूक देणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी रोजचं काम, रोजचं राहणं याची तयारी कुणी केलेली नसते. तुमच्या मॅडमचं घर कुठे आहे, घरमालक कसा आहे, हेपण एकदा विचारा. ऑफिसातला माणूस घरी जाऊन रडतो आणि परत येतो, पण घरच गेलं तर तो राजीनामाच देतो.

आता मॅडम "नको" म्हणतायत त्याबद्दल. तुम्हाला वाटतंय त्या घाबरल्यात, त्यांना धीर द्यायला पाहिजे. मला वाटतं त्या नियम ओळखून बोलतायत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ म्हणून एक गोष्ट आहे, त्यात सरकारी कर्मचाऱ्याने सरकारच्या निर्णयांवर जाहीर टीका करणं, परवानगीशिवाय पेपरशी बोलणं, नोकरीच्या कामासाठी बाहेरून राजकीय किंवा इतर दबाव आणणं, यावर बंधनं आहेत. आता विचार करा, तुम्ही मोर्चा काढला, आमदार साहेबांचं पत्र आणलं, चॅनेलवर त्यांचा फोटो आला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस, की आपण बाह्य दबाव का आणला. तुम्ही प्रेमाने केलं हे नोटिशीत कुठेच येत नाही. जो माणूस त्यांना त्रास देतोय त्याला इतका आयता मुद्दा तुम्ही देऊ नका.

आणि नियम बाजूला ठेवला तरी हे त्यांचं आयुष्य आहे. जुनं नाव, शाळेचा दाखला, ऑपरेशन झालंय का नाही, घरचे काय म्हणतात, हे सगळं मोहिमेत आपोआप बाहेर येतं, कारण पत्रकार पहिला प्रश्न तोच विचारतो. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सांगितलंय, आणि ट्रान्स कायद्याखालचे २०२० चे नियम तर कर्मचाऱ्याची लिंगओळख गुप्त ठेवण्याची जबाबदारी आस्थापनेवर, म्हणजे नोकरी देणाऱ्या ऑफिसवर, टाकतात. आस्थापनेवर जी जबाबदारी आहे ती तुमच्यावर नाही असं कसं चालेल. तर काय उघड करायचं, किती, कधी, हे त्या ठरवणार, आणि एकदा हो म्हटल्या म्हणून पुढच्या वेळी विचारायचं नाही असंही नाही, दरवेळी विचारायचं.

पण मग तुम्ही हात बांधून बसायचं का? अजिबात नाही. इथेच तुमचा खरा उपयोग आहे, कारण जे त्या करू शकत नाहीत ते तुम्ही करू शकता, आणि त्यांचं नावसुद्धा न घेता.

ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९, हा १० जानेवारी २०२० पासून लागू आहे. त्यात कलम ९ सांगतं की कुठलीही आस्थापना नोकरीच्या कुठल्याही बाबतीत, भरती, बढती सगळं त्यात आलं, ट्रान्स व्यक्तीशी भेदभाव करणार नाही. कलम ११ सांगतं की प्रत्येक आस्थापनेने एक तक्रार अधिकारी नेमायचा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, सरकारी ऑफिसं त्यात आलीच. आणि सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या नियमांत आहे की आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून ते जाहीर करायचं, त्यात टॉयलेटसारख्या सोयी, सुरक्षितता, तक्रार अधिकारी कोण, हे लिहिलेलं असलं पाहिजे, आणि तक्रार आली की तक्रार अधिकाऱ्याने १५ दिवसांत चौकशी करायची. (या कायद्यात आणि नियमांत सुधारणा होत असतात, तेव्हा कुठल्याही अर्जात कलम टाकायच्या आधी त्या दिवशीचा मजकूर वकिलाकडून बघून घ्या, जुन्या झेरॉक्सवरून टाकू नका.)

आता मला सांगा तुमच्या जिल्ह्यात किती ऑफिसांत हा तक्रार अधिकारी नेमलाय? मी जिथे जिथे विचारलंय तिथे बहुतेक ठिकाणी समोरच्याने आधी मला विचारलं की हे काय असतं. महिला तक्रार समितीचा फलक दाखवतात, तो वेगळ्या कायद्याखालचा आहे. तर तुमची मोहीम इथून सुरू होते. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे ती पाळा नाहीतर त्यावरूनच परत पाठवतात. मागायचं काय, तर कलम ११ खाली नेमलेल्या तक्रार अधिकाऱ्याचं पदनाम, नेमणुकीच्या आदेशाची तारीख आणि प्रत, समान संधी धोरणाची प्रत, ते कुठे प्रसिद्ध केलं ती जागा. बस. मत विचारायचं नाही, "का नेमला नाही" असं विचारायचं नाही, कारण "का" ला ते माहिती म्हणत नाहीत, कागद मागायचा.

आणि हा अर्ज फक्त त्या एका ऑफिसात टाकू नका, हे नीट वाचा कारण यातच सगळी गंमत आहे. तहसील, पंचायत समिती, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, आरटीओ, कोषागार, जिल्हा परिषदेची खाती, सगळीकडे एकाच दिवशी, मंडळातल्या वेगवेगळ्या पोरांच्या नावांनी. म्हणजे मॅडमचं ऑफिस त्या यादीत एक असतं, कुणी बोट दाखवू शकत नाही की यांनीच बाहेरून करवलं. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं की पहिलं अपील. आणि उत्तरं यायला लागली की दोन प्रकार होतात, एक तर "माहिती निरंक" असं लेखी येतं, म्हणजे कायदा लागू होऊन इतकी वर्षं झाली आणि नेमणूकच नाही हे त्यांनीच सहीशिक्क्याने दिलं, किंवा घाईघाईत मागच्या तारखेचं सोडा पण त्या आठवड्यातल्या तारखेचा नेमणुकीचा आदेश निघतो. दोन्हीत तुमचा फायदा. दुसऱ्यात तर मॅडमला तक्रार द्यायला एक अधिकृत माणूस मिळाला.

"निरंक" वाली उत्तरं एकत्र करून मग जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्या. त्यात मागणी एकच, जिल्ह्यातल्या सगळ्या कार्यालयांनी अमुक तारखेपर्यंत तक्रार अधिकारी नेमून फलक लावावा असं परिपत्रक काढा. पोच घ्या, आवक नंबर घ्या. इथे पेपरवाल्यांना जरूर बोलवा, फोटो काढा, बातमी द्या, कारण आता बातमी मॅडमची नाहीच, जिल्ह्याची आहे. जिल्हाधिकाऱ्यांनाही हे सोयीचं असतं, परिपत्रक काढायला पैसा लागत नाही आणि कुणाशी वैर घ्यावं लागत नाही. मागणी जितकी छोटी आणि कोरडी तितका नकार देणाऱ्याला त्रास, हे मी अनुभवाने सांगते. "तृतीयपंथीयांना न्याय द्या" याला कुणीही हो म्हणतो आणि काहीच करत नाही. "तक्रार अधिकाऱ्याचा आदेश काढा" याला हो म्हटलं तर आदेश काढावा लागतो आणि नाही म्हटलं तर कारण लिहावं लागतं.

पोलीस भरतीचं आठवतंय का? २०२२ मध्ये दोन ट्रान्स उमेदवारांनी एवढंच म्हटलं होतं की ऑनलाइन फॉर्ममध्ये पुरुष आणि महिला सोडून तिसरा पर्यायच नाही, तो द्या. मॅटने, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, पर्याय द्या म्हणून आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध हायकोर्टात गेलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये हायकोर्टाने सरकारलाच सांगितलं की नियम बनवा आणि तोपर्यंत दोन पदं रिकामी ठेवा. शेवटी पर्याय आला, शारीरिक चाचणीचे नियमपण करावे लागले. फॉर्ममधल्या एका चौकटीवरून इतकं सगळं हललं.

आता मॅडमच्या बाजूने काय व्हायला पाहिजे ते. हे त्यांनी करायचं, तुम्ही फक्त सोबत बसायचं, टाइप करून द्यायचं, चहा पाजायचा.

एक, नोंदवही. रोज रात्री पाच मिनिटं. तारीख, वेळ, काय झालं, कोण समोर होतं. "आज खूप वाईट वाटलं" असं नाही, तर "अमुक क्रमांकाची फाइल माझ्याकडे सादर न होता वरिष्ठांकडे गेली, आवक नोंदवहीत नोंद आहे" असं. भावना लिहू नका म्हणत नाही, पण त्या वेगळ्या वहीत. ही वही पुढे मॅटमध्ये, चौकशीत, कुठेही उभी राहते, कारण ती त्या त्या दिवशी लिहिलेली असते.

मग तोंडी गोष्ट लेखी करायची पद्धत. मीटिंगला बोलवलं नाही ना, दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयप्रमुखांना दोन ओळींची नम्र टिपणी, की काल अमुक विषयाची बैठक झाल्याचे समजले, विषय माझ्या कार्यासनाशी संबंधित असल्याने इतिवृत्त मिळावे व यापुढील बैठकांची सूचना मिळावी. आरोप शून्य. टॉयलेटचं पण तसंच, चावी कोणाकडे असते ते कृपया कळवावे. कामवाटपाचंही, माझ्या पदाचे कर्तव्यसूचीनुसार कोणते विषय माझ्याकडे आहेत त्याचा आदेश मिळावा. अशा टिपण्या चारपाच झाल्या की वरच्याला कळतं की इथे रेकॉर्ड बनतंय, आणि निम्म्या ठिकाणी त्रास तिथेच कमी होतो कारण त्रास देणारे लोक शूर नसतात, त्यांना फक्त वाटत असतं की याची कुठे नोंद होत नाही.

जुन्या नावाचं काय. इथे आधी बघावं लागेल की त्यांच्या सेवा पुस्तकात कुठलं नाव आणि कुठलं लिंग आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र आहे का, राजपत्रात नावबदल झालाय का. हे असेल आणि सेवा पुस्तकात, हजेरीपटावर, पगारपत्रकात, दारावरच्या पाटीवर बदल झाला नसेल तर आधी तो अर्ज, कारण रेकॉर्डवरच जुनं नाव असेल तर चिडवणारा म्हणतो मी तर रेकॉर्डप्रमाणे बोलतो. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने हैदराबादच्या एका आयआरएस (भारतीय महसूल सेवा) अधिकाऱ्याचं नाव आणि लिंग सगळ्या अधिकृत नोंदींत बदलायला मंजुरी दिली, एम. अनुसूया यांचं एम. अनुकथिर सूर्या, महिलेचं पुरुष. त्या आदेशाची बातमी अर्जाला जोडा, कायदेशीर बंधन नाही पण आस्थापना शाखेतल्या कारकुनाला पूर्वीचं उदाहरण दिसलं की त्याची टिपणी लिहायची सोय होते, आणि त्या शाखेत सगळं पूर्वीच्या उदाहरणावर चालतं. कुणी ऑपरेशनचे कागद मागितले तर लेखी मागा म्हणावं, कारण ट्रान्स लोकांच्या हक्कांवरच्या २०१४ च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टाने शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवलेली आहे. बहुतेक जण लेखी मागतच नाहीत.

यानंतरही थांबलं नाही तर तक्रार अधिकाऱ्याकडे औपचारिक तक्रार. तोवर तुमच्या आरटीआयमुळे तो नेमलेला असेल अशी आशा.

इथून पुढे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुम्ही प्रश्नात हे लिहिलेलं नाही म्हणून मी ठाम सांगू शकत नाही. त्या राज्य शासनाच्या सेवेत असतील तर सेवेच्या तक्रारीसाठी मॅट, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. सरळ हायकोर्टात गेलात तर परत पाठवतात. बीडचे पोलीस कर्मचारी ललित साळवे यांचं तेच झालं होतं, २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, खात्याने नाकारली, हायकोर्टात गेले तर कोर्ट म्हणालं हा सेवेचा विषय, मॅटकडे जा. पुढे शासनानेच परवानगी दिली आणि २०१८ मध्ये शस्त्रक्रिया झाली, नोकरी टिकली. पण मॅडम जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या कर्मचारी असतील तर मॅट लागूच नाही, त्यांचा रस्ता वेगळा. मॅटला जायचं तर आधी खात्यात निवेदन दिलेलं पाहिजे, आदेश मिळाल्यापासून एक वर्षाची मुदत असते, निवेदनाला सहा महिने उत्तरच नाही आलं तर त्यानंतर एक वर्ष. मुदती चुकवू नका. "बघू साहेब बदलले की होईल नीट" यात भल्याभल्यांच्या केसेस गेल्यात.

दुसरी गोष्ट, त्या परिवीक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर, आहेत का? नवीन नेमणूक म्हणजे बहुधा असतील. मग जास्त सांभाळून, कारण परिवीक्षाधीन माणसाला "काम समाधानकारक नाही" एवढ्यावर घरी पाठवायचा प्रयत्न होऊ शकतो, आणि ज्याच्याकडे फाइलच येऊ दिली नाही त्याचं काम समाधानकारक कसं दिसणार, हा सापळा ओळखा. म्हणून ती कामवाटपाची टिपणी मी वर लिहिली ती सगळ्यात महत्त्वाची आहे. वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल लिहायची वेळ येते तेव्हा स्वयंमूल्यमापनात स्वच्छ लिहायचं की अमुक अमुक तारखांना विषय मिळावेत म्हणून विनंती केली होती.

तिसरी, बदली. अशा प्रकरणांत वरच्यांचा आवडता उपाय म्हणजे जिला त्रास होतोय तिचीच बदली, आणि वर सांगतात तुमच्याच भल्यासाठी. महाराष्ट्रात बदल्यांचा २००५ चा कायदा आहे, साधारण तीन वर्षांचा कालावधी असतो, मधेच बदली करायची तर कारणं लेखी नोंदवून वरच्या सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते, आणि ते नसेल तर मॅट अशा बदल्या रद्द करतं, हे नेहमी होतं. पण त्यांना खरंच तिथून जायचं असेल तर? मग जाऊ द्या ना. मोहिमेसाठी एका माणसाने त्या ऑफिसात कुजत बसावं असा आग्रह मी कधी धरत नाही. फक्त बदली त्यांच्या विनंतीवरून झाली असं खोटं लिहून घेऊ देऊ नका.

आतले लोक विसरू नका. प्रत्येक ऑफिसात एखादा अव्वल कारकून, एखादी शिपाई बाई असते जिला हे पटत नसतं पण ती गप्प असते. मोर्च्याने हे लोक घाबरून लांब जातात, सगळं ऑफिस एका बाजूला आणि मॅडम एका बाजूला असं होतं. त्यापेक्षा संघटनेच्या पदाधिकाऱ्याला भेटा. संघटनेत सगळे पुरोगामी असतात असा गैरसमज नको, मी आतून बघितलंय, पण संघटनेला एक भाषा कळते ती म्हणजे आज हिच्या फाइली काढून घेतल्या, उद्या कुणाच्याही घेतील. मान्यताप्राप्त संघटनेने पत्र दिलं तर त्याला बाह्य दबाव म्हणणं अवघड जातं, हा मोठा फायदा. आणि ते महिला संघटकांना करू द्या, टॉयलेटचा प्रश्न बाकीच्या स्त्री कर्मचाऱ्यांशी बोलून मिटतो, त्यांच्या नावाने पुरुषच भांडत असतात असं मला बऱ्याच ठिकाणी दिसलंय, बायकांना विचारलं तर त्या म्हणतात आम्ही कुठे काय म्हणालो.

ऑनलाइन सह्यांबद्दल, स्पष्ट सांगते, या टप्प्यावर मला काही उपयोग दिसत नाही. सह्या गोळा करायला गोष्ट सांगावी लागते, गोष्ट म्हणजे त्यांचा चेहरा, आणि खालच्या कमेंटी त्यांच्या आईपर्यंत पोचतात. सह्या घ्यायच्याच तर वरच्या परिपत्रकाच्या मागणीवर घ्या, कागदावर, तालुक्यातल्या लोकांच्या.

मोर्चा कधी काढायचा मग? कुणी हात उचलला, धमकी दिली, लैंगिक छळ केला, किंवा तक्रार दिल्यावर सूड म्हणून निलंबन झालं, तेव्हा. ट्रान्स कायद्याच्या मूळ कलम १८ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे, पोलिसांना बहुतेक वेळा ते कलम माहीत नसतं म्हणून प्रत छापून न्या. अशा वेळी गप्प राहणं धोक्याचं आणि त्या वेळी तुमच्याकडे नोंदवही, टिपण्या, निरंकची उत्तरं, परिपत्रकाचं निवेदन असं सगळं असतं, मग चॅनेलवाला विचारतो पुरावा काय तर तुम्ही चाचरत नाही. तेव्हाही मॅडम व्यासपीठावर नकोत.

हे सगळं नोकरीतल्या अधिकाऱ्याबद्दल झालं. निवडून आलेली व्यक्ती असती, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळला २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे सरपंच झाल्या तसं, तर मी उलटं सांगितलं असतं. त्यांना वर्तणूक नियम नाहीत, मॅट नाही, त्यांची ताकद मतदार, तिथे ग्रामसभा भरवा, उघड बोला.

वकिलाला दाखवायला अजून एक. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने जेन कौशिक प्रकरणात निकाल दिला, दोन राज्यांतल्या दोन खासगी शाळांनी एका ट्रान्स शिक्षिकेला नोकरीपासून दूर केलं होतं. कोर्टाने भरपाई दिली, कायदा कागदावरच राहिला म्हणून केंद्र आणि राज्यांना सुनावलं आणि न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या निवेदनात याचा उल्लेख जरूर करा, एक परिच्छेद पुरे, भाषण नको.

तर क्रम असा धरा: या आठवड्यात मॅडमशी बोलून परवानगी, त्यांची वही सुरू, पुढच्या आठवड्यात सगळ्या ऑफिसांत आरटीआय. मोर्च्याचे बॅनर छापले असतील तर ठेवून द्या, खराब होत नाहीत.

आणि मला खाली एवढं लिहून कळवा, त्यांचं नाव, ऑफिस, तालुका काहीही न लिहिता: सेवा राज्य शासनाची की जिल्हा परिषदेची, परिवीक्षा चालू आहे का, सेवा पुस्तकात नावबदल झालाय का, आणि आत्तापर्यंत त्यांनी एकतरी गोष्ट लेखी दिली आहे का. त्यावर पहिल्या टिपणीचा मसुदा मी लिहून देते.